चिंधी आणि सुलभा : दोन कादंबऱ्या, दोन चित्रपट

लग्नाच्या नात्याबाहेर पाऊल पडलेल्या माणसांची गोष्ट मराठी चित्रपटाने अनेकदा सांगितली. पण कादंबरीवरून घेतलेल्या दोन चित्रपटांत ती जितक्या गांभीर्याने आली तितकी क्वचितच अन्यत्र आली असेल. पहिला 'जैत रे जैत' (१९७७), गो. नी. दांडेकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरचा. दुसरा 'उंबरठा' (१९८२), शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा. दोन्हींचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर आणि नायिका स्मिता पाटील. दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्यात चिंधी ही लग्न झालेली बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्या पुरुषाकडे जाते. दुसऱ्यात बायको दूरच्या गावी नोकरीला असताना नवरा दुसऱ्या बाईत गुंततो. प्रश्न एकच, बाजू दोन. म्हणून हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावे लागतात.

दोन्हींत वऱ्हाडचा वाटा आहे. 'जैत रे जैत'चे लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे सर्वांचे गोनीदा, ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यास जन्मले. 'उंबरठा'तील गझला लिहिणारे सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले. अमरावतीहून परतवाड्याला जाणारा रस्ता वलगावातून जातो, आणि त्याच वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. गोनीदांच्या घडणीत बाबांचे स्थान मोठे आहे. तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून ते स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने बाहेर पडले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, गावोगाव हिंडले, वेदान्ताचा अभ्यास केला, नर्मदेची परिक्रमा केली आणि शेवटी तळेगाव दाभाडे येथे स्थिरावून लेखनावर जगले. १९८१ साली अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

हे सारे चिंधीच्या गोष्टीशी जोडलेले आहे. गोनीदा श्रद्धाळू लेखक. संतचरित्रे, किल्ले, शिवकाल यांत रमणारे. अशा लेखकाकडून परपुरुषाकडे गेलेल्या बाईचा निवाडा कठोर होईल असे कुणालाही वाटावे. 'जैत रे जैत'मध्ये तसे काहीच होत नाही. पायी हिंडताना, दुसऱ्याच्या ओसरीवर भाकर खाताना त्यांना जी माणसे भेटली, त्यांचे बोलणे, त्यांच्या रीती आणि त्यांची अब्रूची कल्पना त्यांनी आहे तशी स्वीकारली. गाडगेबाबांचे कीर्तन श्रोत्याला प्रश्न विचारत विचारत पुढे जायचे आणि त्यात जातीच्या उच्चनीचतेला थारा नव्हता. त्या सहवासात वाढलेल्या मनाला ठाकर या आदिवासी जमातीच्या वाडीतली बाई पांढरपेशा मापाने मोजणे शक्यच नव्हते.

कादंबरी घडते कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी, पनवेलच्या दक्षिणेला. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात होता. आज तो रायगड जिल्हा आहे. किल्ल्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे आणि त्याच्या कपारींत आग्या मोहोळे लटकलेली असतात. मेळघाटात मध काढणाऱ्यांना या माशीची ओळख वेगळी करून द्यायला नको. एक उठली की सारे मोहोळ उठते. ठाकरांच्या लेखी हा लिंगोबाचा डोंगर. वाडीतल्या भगताचा मुलगा नाग्या ढोल वाजवतो आणि पुण्यवंत होण्याची आस धरून जगतो. एके दिवशी राणी माशी त्याच्या डोळ्याला डसते आणि तो डोळा जातो. नाग्याच्या मनात देवाशीच वैर उभे राहते. ज्या डोंगरावर श्रद्धा ठेवली त्यानेच असे केले, तर त्या डोंगरावरची मोहोळे उतरवल्याशिवाय राहायचे नाही, हा त्याचा पण.

चिंधी या पणात त्याच्या सोबतीला येते. तिचे लग्न आधीच झालेले आहे, नवऱ्याशी तिचे पटत नाही, ती नांदत नाही. तिला नाग्या हवा आहे आणि ते ती लपवत नाही. इथे कादंबरी युरोपातल्या प्रसिद्ध कादंबऱ्यांपासून अगदी वेगळ्या वाटेने जाते. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'त एमा खोटे बोलते, चोरून भेटते, कर्ज काढते आणि विष घेते. टॉलस्टॉयच्या 'अॅना कारेनिना'त अॅनाला समाज आपल्या दिवाणखान्यांतून हळूहळू बाहेर काढतो. दोन्हीकडे गुपित आहे, गुपित फुटणे आहे आणि त्याची शिक्षा आहे. चिंधीच्या गोष्टीत गुपितच नाही. वाडीला ठाऊक आहे, भगताला ठाऊक आहे, नवऱ्याला ठाऊक आहे. ती रीतीने मोकळी होते आणि नाग्याची होते.

ही रीत कादंबरीकाराने रचलेली नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींत पंचांसमोर काडीमोड होऊन बाईला दुसरा घरोबा करता येई. पहिल्या नवऱ्याने दिलेले देज, म्हणजे वधूमूल्य, नव्या नवऱ्याने परत करावे, पंचांनी सांगितलेला दंड भरावा, वाडीला जेवण घालावे, की प्रकरण मिटले. वऱ्हाडातही पाट लावण्याची, मोहतुराची चाल शेतकरी जातींत जुनी आहे. कायद्यानेही याला जागा ठेवली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा रूढीने मिळणारा काडीमोड मान्य करतो, आणि अनुसूचित जमातींना, ज्यांत ठाकर मोडतात, तो कायदा केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही.

मराठी कादंबरीत या विषयाला आधीची परंपरा होती. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) मध्ये बापू आणि राधा यांचे नाते गावाच्या डोळ्यांवर येते. राधा आधी रावजीची, आणि गाव तिला आपली मानायला तयार नाही. त्या कादंबरीचे पुढे नाटक झाले, चित्रपटही झाला. खुद्द गोनीदांच्या 'शितू'त विधवा शितू आणि विसू यांचे प्रेम कधी उंबऱ्याबाहेर येतच नाही, आणि त्यातच ती संपते. 'शितू'नंतर 'जैत रे जैत' वाचली की लेखकाने किती मोठी मजल मारली ते कळते. शितूला मन मारावे लागले. चिंधी मनाप्रमाणे वागते आणि लेखक तिच्याबद्दल एकही दूषणाचा शब्द काढत नाही.

चित्रपटाची निर्मिती उषा मंगेशकर यांची. जब्बार पटेल यांच्या नावावर तेव्हा 'सामना' होता. ते व्यवसायाने डॉक्टर, रंगभूमीवरून आलेले, 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक. नाग्याच्या भूमिकेतले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि 'घाशीराम'मधले नाना. भगत झाले निळू फुले, आणि सुलभा देशपांडेही त्यात होत्या. माणसांच्या भिंती करून नाटक उभे करण्याची जी कसरत या मंडळींनी रंगमंचावर केली होती, तिचा फायदा इथे स्पष्ट दिसतो. वाडीतली माणसे चित्रपटात समूहाने हलतात, समूहाने गातात, आणि नाग्या-चिंधीची गोष्ट त्या समूहाच्या तोंडून पुढे सरकते.

कादंबरीवरून चित्रपट करताना सर्वांत अवघड असते ते निवेदकाचे काय करायचे हे. व्यभिचाराच्या कादंबरीत तर निवेदक हाच खरा न्यायाधीश असतो. फ्लोबेरवर १८५७ मध्ये पॅरिसात अनीतीचा खटला भरला गेला तेव्हा सरकारी वकिलाची मुख्य तक्रार हीच होती, की या पुस्तकात एमाला दोष देणारे एकही पात्र नाही. फ्लोबेर सुटला. पण ती तक्रार वाचक म्हणून अचूक होती. निवेदक एमाच्या मनात शिरतो आणि तिथून बाहेर येऊन निकाल देत नाही. पुढे व्हिन्सेंट मिनेली यांनी १९४९ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा त्यांनी हा खटलाच चौकट म्हणून वापरला. फ्लोबेर न्यायालयात उभा राहून एमाची बाजू मांडतो आणि त्याच्या बोलण्यातून चित्रपट सुरू होतो. निवेदकाची अडचण सोडवण्याचा तो एक मार्ग. ग्रेटा गार्बोच्या १९२७ च्या मूकपटाने वेगळाच मार्ग धरला. 'अॅना कारेनिना'च्या त्या रूपांतराला दोन शेवट होते, एक दुःखाचा आणि एक सुखाचा. सुखाच्या शेवटात नवरा मरतो आणि प्रेमिकांची वाट मोकळी होते. टॉलस्टॉयचा सारा पेच त्यात नाहीसा झाला. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' (१९०१) वरून 'चारुलता' (१९६४) केला तेव्हा निवेदकाचे काम कॅमेऱ्याच्या नजरेवर आणि चारूच्या हातातल्या दुर्बिणीवर सोपवले.

'जैत रे जैत'ने हे काम गाण्यांकडे दिले, आणि हाच या रूपांतराचा सर्वांत मोठा गुण आहे. गीतकार ना. धों. महानोर. 'रानातल्या कविता' (१९६७) लिहिणारा, पळसखेड्यात शेती करणारा हा कवी चित्रपटगीताच्या ठरीव शब्दांपासून दूर होता. पाऊस, झाड, पाखरू, पिकलेले फळ, कात टाकणारा जीव, ही त्याची नेहमीचीच सामग्री. चिंधीच्या देहाची आणि मनाची हाक त्याने याच शब्दांत बांधली. निसर्गात जे घडते ते लाजिरवाणे नसते. चिंधीची ओढही त्याच रांगेत ठेवल्यावर तिचा खुलासा देण्याची गरजच उरत नाही. कादंबरीत निवेदकाने न दिलेला दोष चित्रपटात गाण्याने धुऊनच टाकला. लता मंगेशकर आणि आशा भोसले या दोघींचेही आवाज चिंधीला मिळाले, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांनी वाडीचा आवाज दिला. एका चित्रपटात डझनाहून अधिक गाणी आहेत, आणि त्यातले एखादे काढले तरी कथानकात खड्डा पडेल. मराठीत खऱ्या अर्थाने संगीतिका म्हणावी अशी ही मोजक्या कृतींपैकी एक.

स्मिता पाटील यांचे वय त्या वेळी बावीसही नव्हते. त्याच १९७७ सालच्या 'भूमिका'साठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगल यांचा तो चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला. तिथेही नवऱ्याच्या घरातून पुन:पुन्हा बाहेर पडणारी बाई आहे, पण ती प्रत्येक पुरुषाकडून निराश होऊन परतते. चिंधी निराश होत नाही. स्मिता पाटील यांनी तिला दिलेली चाल, डोंगर चढतानाचा आवेग आणि नाग्याकडे सरळ रोखून पाहणारी नजर यांमुळे पडद्यावर परपुरुषाची इच्छा करणारी बाई प्रथमच इतकी निर्भर दिसली. यात अतिशयोक्ती नाही. त्या काळच्या मराठी पडद्यावर अशी बाई बहुधा तमाशातली असे किंवा खलनायिका असे.

तरीही एक गोष्ट खटकते आणि ती नोंदवलीच पाहिजे. मोहोळे उतरवण्याचा पण पुरा होतो, पण माश्यांच्या हल्ल्यात चिंधी मरते. कथेच्या तर्काने हा देवाशी झालेल्या झुंजीचा मोबदला आहे, नवरा सोडल्याची शिक्षा नाही. नाग्याचा डोळा गेला तेव्हा त्यानेही काही पाप केलेले नव्हते. एवढे मान्य करूनही प्रेक्षकासमोर शेवटी येते ते चित्र एमा आणि अॅना यांच्यापेक्षा फार वेगळे नाही. झुंज पुरुषाची, जीव बाईचा. कादंबरीच्या पानावर डोंगर, देव आणि माणूस यांच्या त्रिकोणात हा मृत्यू सामावतो. पडद्यावर स्मिता पाटील यांनी चिंधीला इतके जिवंत केले आहे की तो त्या त्रिकोणात मावत नाही. रूपांतराची ताकद आणि त्याची अडचण एकाच ठिकाणी आहे.

'उंबरठा' या अडचणीतून मोकळा आहे. पटकथा विजय तेंडुलकर यांची. सुलभा महाजन ही शिकलेली बाई, नवरा सुभाष वकील, घर सुस्थितीतले. लहान मुलगी राणी जावेच्या अंगाखांद्यावर वाढते आहे. सुलभाला काम करायचे आहे. घरच्यांची नापसंती पत्करून ती संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. तिथे तिला दिसते ते समितीचे राजकारण, आश्रमातल्या मुलींकडे वळलेली सत्ताधाऱ्यांची नजर, आणि कुठेच जागा नसलेल्या बायकांचे कोंडलेले आयुष्य. चित्रपटाचा मोठा भाग या आश्रमाचा आहे आणि त्याची गुंतागुंत इतकी आहे की स्वतंत्र व्याख्यानाला पुरेल. विवाहबाह्य नात्याचा प्रश्न तिथेही आहेच, कारण आश्रमातल्या अनेकजणी कुणाच्या ना कुणाच्या फसवणुकीमुळे तिथे आल्या आहेत. सुलभा त्यांच्याकडे अधिकारी म्हणून पाहते. पुढे तीच वेळ तिच्यावर येणार आहे, हे तिला ठाऊक नसते. तेंडुलकरांची बांधणी इथे अतिशय नेमकी आहे.

नोकरी सोडून ती घरी परतते. दरम्यान सुभाषचे दुसऱ्या एका बाईशी नाते जुळले आहे आणि तो ते नाकारत नाही. हा प्रसंग गिरीश कार्नाड यांनी ज्या संयमाने केला आहे त्याकडे नीट पाहिले पाहिजे. सुभाष ओरडत नाही, माफी मागत नाही, खोटे बोलत नाही. घर आहे, मुलगी आहे, तू इथे राहा, तेही नाते राहील, अशी त्याची समजूतदार मांडणी आहे. त्याला ती खरोखर रास्त वाटते. कार्नाडांनी सुभाषला वाईट माणूस केले नाही, म्हणूनच सुलभाचे निघून जाणे मानापमानाच्या पलीकडचे ठरते. ती सूड घेत नाही. ज्या घरात आपल्याला विचारून काही ठरत नाही तिथे राहायचे नाही, एवढेच ती ठरवते आणि रेल्वेगाडीने दूर जाते. मुलगी मागे राहते. हा भाग आजही प्रेक्षकांना अस्वस्थ करतो, आणि सुलभाच्या बाजूने असलेलेही इथे क्षणभर थांबतात. चित्रपट ती अस्वस्थता मऊ करत नाही, हे त्याचे मोठेपण.

इथे गाणी मोजकी आहेत. वसंत बापट यांचे शब्द आहेत आणि सुरेश भट यांच्या गझला आहेत. 'रूपगंधा' (१९६१) आणि 'रंग माझा वेगळा' (१९७४) या संग्रहांनी भटांचे नाव झालेले होते, 'एल्गार' चित्रपटानंतर १९८३ मध्ये आला. महानोरांच्या गाण्यांत चिंधी जगाला हाक मारते. भटांच्या गझलेत बोलणारी व्यक्ती रिकाम्या मैफलीत एकटी आहे, जुन्या सुराची आठवण तिला सोडत नाही. लताबाईंनी गायिलेली ती गझल आज मैफलींतून स्वतंत्रपणे गायिली जाते, पण चित्रपटात तिचे काम ठराविक आहे. सुलभाचे नवऱ्यावर प्रेम होते, हे ती सांगते. एरवी कर्तव्यकठोर दिसणाऱ्या या बाईच्या मनात काय तुटणार आहे त्याचा हिशेब त्या गझलेतून कळतो. नंतरचा निर्णय त्यामुळेच कोरडा वाटत नाही. एकाच संगीतकाराने पाच वर्षांच्या अंतराने दोन बायकांना दोन अगदी भिन्न सूर दिले, एकीला ढोल आणि समूह, दुसरीला एकटा आवाज. हृदयनाथांनी पुढे केतन मेहता यांच्या 'माया मेमसाब' (१९९३) या 'मादाम बोव्हारी'वरच्या हिंदी चित्रपटालाही संगीत दिले. म्हणजे या विषयावरच्या तीन रूपांतरांत तेच संगीतकार आहेत.

दोन्ही चित्रपट त्या वेळच्या कायद्यासमोर धरले की त्यांतला फरक अधिक उघड होतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४९७ वे कलम व्यभिचाराला गुन्हा मानत होते, पण फक्त एकाच बाजूने. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीविना संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. बाई गुन्हेगार नव्हती, आणि तक्रारदारही नव्हती. तक्रार करायचा अधिकार नवऱ्याला. या हिशेबाने काडीमोड होण्याआधी चिंधीचा पहिला नवरा नाग्याला न्यायालयात खेचू शकला असता. सुलभा मात्र सुभाषविरुद्ध फौजदारी तक्रार करूच शकत नव्हती, आणि त्याच्या आयुष्यातली दुसरी बाई अविवाहित असती तर कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच घडला नसता. दिवाणी बाजू थोडी बरी होती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा एकदाही झालेला परसंबंध घटस्फोटाचे कारण ठरू लागला होता. त्यामुळे सुलभाला घटस्फोट मागता आला असता. वकिलाच्या घरातल्या या बाईला चित्रपटात न्यायालयाची पायरी चढताना आपण पाहत नाही. ठाकरवाडीत पंचांसमोर बसून मोकळे होण्याची रीत होती, भांडण मिटवण्याची जागा होती, वाडी साक्षीला होती. महाजनांच्या सुशिक्षित घरात अशी जागा कुणी ठेवलेली नाही. तिथे एकतर मुकाट राहायचे किंवा पिशवी उचलून निघायचे. ज्या समाजाला मागासलेला म्हटले गेले त्याच्याकडे बाईच्या बाहेर पडण्याची वाट होती, हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिल्यावर ठळकपणे कळते.

'उंबरठा'ची हिंदी आवृत्ती 'सुबह' याच कलावंतांना घेऊन झाली आणि ती मराठीबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचली. 'जैत रे जैत'ची भाषांतरे होणे अवघडच होते, कारण ठाकरी बोली आणि महानोरांचे शब्द दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे नवाच चित्रपट करणे. गोनीदांच्या कादंबऱ्या पुढे त्यांच्या कुटुंबीयांच्या अभिवाचनांमधून गावोगाव ऐकल्या गेल्या. कीर्तनाच्या वळणावर लिहिलेल्या गद्याला ते रूप साजेसेच होते. कायदाही पुढे बदलला. ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. बायको ही नवऱ्याची मालमत्ता असल्याची समजूत त्यामागे आहे, असे न्यायालयाने मानले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते पुन्हा घातलेले नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून परसंबंध दिवाणी कायद्यात आजही कायम आहे.